कपाटाचं सासर

मुकुंद दाबके यांनी बँकेत सदतीस वर्षं काढली आणि त्या सदतीस वर्षांत ‘तुमचं चुकलं’ असं त्यांना कोणी तोंडावर म्हटलं नाही. पाठीमागे म्हटलं असेल. पण पाठीमागे लोक देवालाही नावं ठेवतात. म्हणूनच निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, डिंडोलीतल्या एका वाचनालयात, साबणाच्या वडीएवढ्या यंत्राने पंचवीस माणसांदेखत त्यांचं चुकल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांना राग आला नाही. आधी ते खरंच वाटलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

यंत्राचं म्हणणं थोडक्यात असं होतं: पॅकेजची घडण एएमडी-६४, या यंत्राची घडण आर्म-६४, जुळत नाही.

वाचनालय पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. खाली दळण सुरू झालं की वर कपाटांच्या काचा वाजायच्या. खान्देशातून येऊन मागांवर लागलेल्या लोकांनी पंचवीस वर्षांपूर्वी ते काढलं आणि त्यातली एकोणीस वर्षं ते प्रमिलाबाई बोरसे यांच्या हाती होतं. नवरा धुडकू मागावर, बाई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या, आणि संध्याकाळी चार ते आठ वाचनालय. पगार नाही, मानधन नाही. दोन हजार तीनशे पुस्तकं त्यांनी आपल्या हाताने वह्यांत उतरवून ठेवली होती.

इच्छापोरच्या एका कंपनीच्या कल्याण विभागाने या वाचनालयाला सहा छोटे संगणक दिले, पडद्यांसकट. अट एकच, महिनाअखेरपर्यंत ते वापरात दिसले पाहिजेत, नाहीतर ते दुसऱ्या संस्थेला जातील. वापरात म्हणजे काय, यावर सभेत चर्चा चालू होती. त्या दिवशी मुकुंदराव एक पुस्तक परत करायला भेस्तानहून आले होते. ते कोपऱ्यातून उठले आणि म्हणाले की पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्राम मी लिहून देतो. बँकेने एकदा त्यांना संगणकाच्या शिबिराला पाठवलं होतं आणि तेव्हापासून ते घरी स्वतःच्या हौसेने प्रोग्राम लिहीत. त्यांतला एकही आजवर कोणी मागितला नव्हता. इथे टाळ्या पडल्या. प्रमिलाबाईंनी एवढंच सांगितलं की अक्षरं मोठी ठेवा, भाऊ. पंज्याएवढी.

प्रोग्रामचं नाव त्यांनी ‘कपाट’ ठेवलं. तीन आठवडे त्यांनी दुसरं काही केलं नाही. त्यांची पत्नी रजनीताई, निवृत्त शिक्षिका, जेवायला वाढून हाक मारायच्या, पाचव्या हाकेला आमटी निवलेली असायची. पण प्रोग्राम झाला झकास. पुस्तकाचं नाव टाका, कपाट आणि खण पडद्यावर, अक्षरं पंज्याएवढी. घरच्या संगणकावर तो पाण्यासारखा चालायचा. मग त्यांनी त्याचं रीतसर पॅकेज बांधलं, पेनड्राइव्हवर घेतलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि डिंडोलीला गेले. तिथे काय झालं ते वर आलंच आहे.

घडणीचा हा प्रकार असा. प्रत्येक संगणकाच्या पोटात जो मेंदू असतो, त्याची एक जात असते. एका जातीच्या मेंदूसाठी बांधलेला प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या मेंदूला ओ की ठो कळत नाही. घरचे मोठे संगणक बहुधा एका जातीचे, आणि ही साबणाच्या वडीएवढी यंत्रं दुसऱ्या. मुकुंदरावांना हे ऐकून ठाऊक होतं. पण आपल्या बाबतीत ते लागू पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्यात त्यांच्या संगणकावर ठळक चिकटवलेलं होतं दुसऱ्याच कंपनीचं नाव. एएमडी कोण, आणि ही कधी आपल्या घरात शिरली, याचा छडा लावण्यात एक पूर्ण दिवस गेला. शेवटी कळलं की ते त्या घडणीचं नुसतं प्रचलित नाव आहे आणि कोणत्याही कंपनीच्या मेंदूला चालतं. या ज्ञानाचा उपयोग शून्य होता, पण ते मिळाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

मुलगी अनुजा पुण्यात याच व्यवसायात. तिने फोनवर ऐकलं आणि सांगितलं की बाबा, मला पाठवा, पाच मिनिटांत करून देते. मुकुंदराव म्हणाले की गरज नाही. फोन ठेवल्यावर ते रजनीताईंना म्हणाले, पाच मिनिटं म्हणे. जणू तीन आठवडे मी भाजी निवडत होतो.

मग शेजाऱ्यांना कळलं. समोरच्या चंचलबेन म्हणाल्या, “मुकुंदभाई, मशीनज बदली नाखो ने.” त्यांच्या मते प्रत्येक बिघाडाला हाच उपाय होता, मागच्या वर्षी त्यांनी मिक्सर, पंखा आणि डॉक्टर बदलला होता. वरच्या मजल्यावरचे शालिग्राम वाघ यांचा सल्ला मात्र विचार करण्यासारखा वाटला. ते बत्तीस वर्षं एका कपडा कारखान्यात पॅकिंगला होते. त्यांनी विचारलं की त्या पॅकेजवर घडण कुठे लिहिलेली असते. मुकुंदरावांनी दाखवलं: पॅकेजच्या आत एक चिठ्ठी असते, तिच्यात प्रोग्रामचं नाव, बांधणाऱ्याचं नाव आणि घडण. शालिग्राम म्हणाले, “मुकुंदराव, माल परत आला की आधी लेबल बघायचं. दहातल्या नऊ वेळा तिथेच घोळ असतो. एएमडी खोडा, आर्म लिहा.”

हे इतकं सोपं होतं की मुकुंदरावांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी चिठ्ठीतलं एएमडी खोडून आर्म केलं आणि पॅकेजचं तोंड पुन्हा बंद केलं. मुखपृष्ठावरून पुस्तक ओळखण्याच्या यंत्राच्या सवयीवर त्यांचा विश्वास बसला होता, आणि तो अर्धा खराही ठरला.

पुढच्या मंगळवारी वाचनालयात कार्यकारिणी आणि वाचक मिळून तीच पंचवीस माणसं जमली, शालिग्रामही आले. कोणीतरी यंत्राला हार घातला. यंत्र इतकं लहान की हारच घातलेला दिसत होता. मुकुंदरावांनी पॅकेज चढवलं. या वेळी यंत्राने तक्रार केली नाही. पडद्यावरची पट्टी भरत शंभरापर्यंत गेली, ‘स्थापना पूर्ण’ असं आलं, टाळ्या झाल्या आणि लगेच पेढे फिरले. मुकुंदरावांनी पेढा तोंडात टाकला आणि ‘कपाट’वर बोट दाबलं.

यंत्र म्हणालं की ही फाईल इथे चालवता येत नाही. हिची घडण चुकीची आहे.

चिठ्ठी आर्मची, पण आत माल तोच. यंत्र चिठ्ठी बघून आत घेतं, पण चालवायची वेळ आली की पोट बघतं. इतका साधा हिशेब पंचवीस माणसांना एकदम कळला, आणि कळल्यावर त्यांच्यापैकी कोणीही हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. शालिग्राम बोटं पुसत खाली गेले आणि गिरणीत जाऊन दळणाचे भाव विचारू लागले. प्रमिलाबाईंनी यंत्राचा हार काढला, नीट गुंडाळून ठेवला आणि मुकुंदरावांसाठी कोरा चहा केला. भाऊ, नवीन माग बसवला तरी पहिलं कापड वायाच जातं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मुकुंदरावांनी चहा घेतला. बशी त्यांनी स्वतः धुऊन ठेवली, आणि ही त्यांच्या आयुष्यातली पहिली बशी होती असं रजनीताई नंतर सांगत.

यावरचा सरळ उपाय म्हणजे त्या छोट्या यंत्रातच प्रोग्राम बांधायचा. पण कंपनीने ती यंत्रं कुलूपबंद करून दिली होती. बांधायची हत्यारं त्यांत घालायला मनाई, तयार पॅकेज तेवढं चालेल. परवानगी काढायला मुकुंदराव इच्छापोरला गेले. दोन सिटीबस आणि एक रिक्षा. कल्याण विभागात पंडित सोनवणे नावाचा लिपिक होता, चाळिशीचा, मृदू बोलणारा, आणि नियमांवर नितांत प्रेम करणारा. त्याने फाईल उघडली आणि म्हणाला की परवानगीचं नंतर बघू, आधी हे बघा. वाचनालयाच्या अर्जात ‘यंत्राचा प्रकार’ या रकान्यात एएमडी-६४ लिहिलंय. खाली सही मुकुंद दाबके.

मुकुंदरावांना आठवलं. सभेतल्या टाळ्यांच्या भरात वाचनालयाचा अर्जही त्यांनीच भरून दिला होता. रकाना मोकळा सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या घरच्या संगणकाचा प्रकार लिहून टाकला होता.

पंडितने समजावून सांगितलं की कागदाप्रमाणे वाचनालयाकडे एएमडी आहे, आणि प्रत्यक्षात आर्म निघालं तर कागद खोटा ठरतो. दुरुस्ती होऊ शकते. ठराव लागेल, त्यावर कार्यकारिणीतल्या सातही जणांच्या सह्या, शुक्रवारपर्यंत. रविवारी चार वाजता तो स्वतः तपासणीला येणार होता. हत्यारं घालायच्या परवानगीला तीन महिने लागतात, हे त्याने अतिशय प्रेमाने सांगितलं.

सातातले दोघे सकाळच्या पाळीला, दोघे रात्रीच्या, एक भेस्तानला धाग्याच्या गोदामात, एक अमळनेरला पुतण्याच्या हळदीला. सातव्या प्रमिलाबाई. मुकुंदरावांनी हात टेकले. प्रमिलाबाईंनी ठराव घडी करून पिशवीत घातला आणि निघाल्या. पाळी सुटायच्या वेळी त्या कारखान्यांच्या फाटकांवर उभ्या राहिल्या. एका मागावर त्यांनी माग बंद व्हायची वाट पाहिली आणि तेलाचे हात पुसायला स्वतःचा रुमाल दिला. अमळनेरवाला शुक्रवारी सकाळच्या गाडीने परतत होता. त्याला त्यांनी उधना स्टेशनच्या फलाटावर गाठलं आणि दुसऱ्याच्या ट्रंकेवर कागद ठेवून सही घेतली. सही करून झाल्यावर त्याने विचारलं की हे कशाबद्दल आहे. एकोणीस वर्षांत त्या बाईंनी आणलेल्या कागदावर आधी सही आणि मग प्रश्न, असाच तिथला रिवाज होता.

मंजुरीचं पत्र त्याच संध्याकाळी मिळालं. ‘आर्म’ या शब्दावर विभागात बहुधा चर्चा झाली असावी. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: वाचनालयास हस्तचालित संगणक, प्रकार ६४, वापरण्यास मान्यता. मुकुंदराव लगेच दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसले. प्रमिलाबाईंनी पत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. शिक्का आहे, सही आहे, हात तर सगळ्यांना असतातच, राहू द्या.

आता उरला प्रश्न खरा. मुकुंदरावांनी वाचून काढलं होतं की एका घडणीच्या संगणकावर बसून दुसऱ्या घडणीसाठी बांधता येतं. बांधताना फक्त सांगावं लागतं. सांगायला तीन रकाने: बिल्ड, होस्ट आणि टार्गेट. बिल्ड म्हणजे बांधतो ते यंत्र, यात शंका नव्हती. टार्गेट म्हणजे नेम, लक्ष्य. प्रोग्राम जिथे जायचा ते. आणि होस्ट म्हणजे यजमान. सगळा खटाटोप कोणाच्या घरी चाललाय? आपल्या. मग यजमान आपणच. त्यांनी होस्टमध्ये एएमडी घातलं, टार्गेटमध्ये आर्म.

पॅकेज बांधलं गेलं. या वेळी त्यांनी डिंडोलीला जायची घाई केली नाही. घरीच त्याचं पोट तपासलं. आत एएमडी. पुन्हा बांधलं. एएमडी. शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी ते सात वेळा बांधलं, एकदा आंघोळ करून, आणि सातही वेळा आत एएमडी. रजनीताईंनी अनुजाला फोन लावायला हात पुढे केला, मुकुंदरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मागे घेतला. मग मुकुंदराव रजनीताईंनाच रकाने समजावून सांगू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या की मला नका सांगू. मी मान डोलावते आणि तुम्हाला वाटतं बरोबर आहे. ज्यांना ते वापरायचंय त्यांना सांगून बघा.

म्हणून शनिवारी चार वाजता मुकुंदराव वाचनालयात गेले आणि वर्तमानपत्राच्या कडेवर तीन चौकोन काढून प्रमिलाबाईंपुढे ठेवले. बाईंनी कागद नाकाजवळ धरला. बाईंना समजेल अशी मुकुंदरावांची अपेक्षा नव्हती. कोणाला तरी सांगून मोकळं व्हायचं होतं.

“बांधतात तुमच्या घरी,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “आणि नंतर कपाट राहणार कुठं?”

“इथं. या छोट्या यंत्रात.”

“कायमचं?”

“कायमचं.”

“मग यजमान हे यंत्र ना, भाऊ. तुम्ही कसे?” त्यांनी मधल्या चौकोनावर बोट ठेवलं. “आम्हनी पोर हर्षदा वाढली डिंडोलीत, नांदते नंदुरबारले. जठे नांदाले जाई, तठलाच माणूस यजमान. तिथली रीत शिकवून पाठवावी लागते पोरीला. तुम्ही तिला माहेरचीच रीत शिकवून पाठवता आणि मग म्हणता सासरी पटत नाही.”

खाली गिरणी सुरू झाली आणि काचा वाजू लागल्या.

“आणि हे तिसरं? टार्गेट?” त्यांनी विचारलं. बँकेत असताना त्यांनी असा आवाज फक्त वरिष्ठांसाठी राखून ठेवला होता.

“ते मला काय माहीत. पण लग्न दोन घरांचं. तिसऱ्याला कोणी बोलावलंय? राहू द्या मोकळं.”

मुकुंदराव रिक्षाने घरी आले. त्यांनी होस्टमध्ये आर्म-६४ घातलं. तिसरा रकाना मोकळा सोडला. नंतर त्यांनी ग्रंथ उघडून खातरजमा केली: तो रकाना फक्त बांधायची हत्यारंच बांधणाऱ्यांसाठी असतो, साध्या प्रोग्रामला त्याचं काही घेणं नाही. बाईंनी ग्रंथ न वाचताच हा प्रश्न सोडवला होता. आर्मची हत्यारं उतरवून घ्यायला तासभर गेला. बांधायला अकरा सेकंद लागले. त्यांनी पोट तपासलं. आर्म. पुन्हा तपासलं. आर्म. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि रजनीताईंना म्हणाले की एकोणीस वर्षं ही बाई त्या गिरणीवर बसलीय, आणि आपल्या बँकेत तीन-तीन महाव्यवस्थापक होते. रजनीताईंनी त्यांना गरम आमटी वाढली.

रविवारी चार वाजता पंडित सोनवणे आला. हार नव्हता, पेढे नव्हते. कार्यकारिणीने या वेळी सावधगिरी बाळगली होती. मुकुंदरावांनी पॅकेज चढवलं, ‘कपाट’वर बोट दाबलं, आणि पडद्यावर ते उघडलं. पंज्याएवढी अक्षरं. कोणी टाळी वाजवली नाही, कारण सगळे दुसऱ्या धक्क्याची वाट पाहत होते. तो आला नाही.

पंडितने तपासणीच्या तक्त्यात खूण केली आणि म्हणाला, चालवून दाखवा, विहीर खोदण्यावरचं एखादं पुस्तक आहे का. मुकुंदरावांनी नमुन्यासाठी चाळीस पुस्तकं भरून ठेवली होती. ते त्यांत होतं. प्रमिलाबाई खुर्चीवर बसल्या. एकेक अक्षर शोधत, कळफलकावर वाकून, त्यांनी ‘विहीर’ लिहिलं. सगळा महिना त्या रोज दुपारी येऊन ही अक्षरं गिरवत होत्या, हे तेव्हा धुडकूभाऊंनी मागून कोणाला तरी सांगितलं. पडद्यावर आलं: कपाट पाच, खण दोन. बाई उठल्या, पाचव्या कपाटाकडे गेल्या, काचेला हात लावत खणापर्यंत हात नेला, आणि पुस्तक काढून पंडितसमोर ठेवलं. चष्मा त्यांचा टेबलावर राहिला होता.

पंडितने ते पाहिलं. तो म्हणाला की बाई, तुम्हाला तर न बघता सापडतं. मग हा एवढा खटाटोप कशासाठी. आणि त्याने पेन तक्त्यावर धरलं, कारण शेवटचा रकाना ‘आवश्यकता’ हा होता.

“मला नाही लागत,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात दीड वर्ष, फार तर दोन. काचबिंदू आहे. मग इथं जी कोणी बसेल, तिला माझं डोकं कुठून मिळणार?”

मुकुंदरावांना वाटलं होतं की मोठी अक्षरं म्हाताऱ्या वाचकांसाठी असतील. त्यांनी विचारलंही नव्हतं. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, यंत्रासमोर बसले आणि विचारलं की प्रमिलाबाई, सुरुवात कुठून करायची.

बाई भिंतीला टेकून बसल्या, डोळे मिटले आणि सांगू लागल्या. पहिलं कपाट, पहिला खण, डावीकडून पहिलं, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव. मग दुसरं, मग तिसरं, त्यातलं पान सुटलेलं आहे म्हणून जपून द्यायचं. मुकुंदराव दोन बोटांनी टंकत होते. कार्यकारिणीतला एकजण कपाटाशी जाऊन ताडून पाहू लागला, आणि चौथ्या पुस्तकानंतर त्याने ताडणं सोडलं.

पंडित तक्ता हातात धरून बराच वेळ उभा होता. ‘आवश्यकता’च्या रकान्यात त्याने काहीतरी लिहिलं, सही केली, घडी घालून खिशात ठेवलं. त्याची शेवटची बस सव्वापाचची होती. पाच वाजून गेले. सव्वापाच झाले. मग तो मुकुंदरावांच्या खांद्याशी वाकला.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “माझा टायपिंगचा वेग मिनिटाला साठ शब्द आहे. मी बसू का?”

मुकुंदराव उठले आणि त्याला खुर्ची दिली. प्रमिलाबाई डोळे मिटून थांबल्या होत्या. खुर्ची सरकल्याचा आवाज थांबला, तसं त्यांनी पुढचं पुस्तक सांगितलं.